अँटिबायोटिक सुरू असताना टाच दुखतेय?

जुलाब झाले किंवा लघवीला जळजळ होऊ लागली, की मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनची पट्टी आणायची, ही अनेक घरांतली सवय. लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हीदेखील याच 'फ्लोरोक्विनोलोन' गटातली. ही औषधे गुणकारी आहेत; पण काही थोड्या रुग्णांत त्यांचे दुष्परिणाम गंभीर असतात आणि ते अँटिबायोटिकमुळे झाले, हे लक्षातच येत नाही.

पहिली खूण टाचेच्या मागे दिसते. पोटरीला टाचेशी जोडणारा जाड स्नायुबंध (टेंडन) सुजतो, दुखतो, क्वचित तुटतोही. हा त्रास पहिल्या काही दिवसांत, तर कधी गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनीही होतो. साठी ओलांडलेले, स्टिरॉइड घेणारे आणि मूत्रपिंड, हृदय किंवा फुप्फुसाचे प्रत्यारोपण झालेले यांना धोका अधिक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने (एफडीए) 2008 मध्येच याबाबत ठळक इशारा दिला. साधे सायनसचे दुखणे, ब्राँकायटिस किंवा लघवीचा साधा संसर्ग यांवर दुसरा पर्याय असेल तर ही औषधे टाळावीत, असे 2016 मध्ये सांगितले.

हातापायांना मुंग्या, बधिरपणा किंवा आग होणे, गोंधळल्यासारखे वाटणे, याही धोक्याच्या खुणा. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांची साखर एकदम उतरू शकते. घाम सुटला, हात थरथरले तर लगेच साखर खा, मग तपासा.

मळमळ किंवा पोटात किंचित गडबड झाली म्हणून औषध अर्धवट सोडू नका. मात्र वरीलपैकी त्रास दिसला तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. टाच दुखत असेल तर चालणे, व्यायाम थांबवा, मालिश नको. क्षयरोगावर हे औषध सुरू असेल तर ते मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. पाण्यासारखे किंवा रक्त पडणारे जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपाय न करता दाखवा. असे जुलाब औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतात.

ओठ-घसा सुजणे, धाप लागणे, छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक असह्य कळ येणे, अशा वेळी थेट रुग्णालय गाठा. गोळ्यांची पट्टी सोबत न्या.

दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर रुग्णालाही करता येते.