नदीचे वीजबिल

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. त्या जागेला आपण प्रीतिसंगम म्हणतो. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, संध्याकाळी माणसे तिथे निवांत बसतात. पण गावाचे सांडपाणीही उताराने नदीकडेच धावते आणि तीच नदी पुढे खालच्या गावांना पाणी पाजते. सांगलीकरांना तर शेरीनाल्याचे दुखणे वेगळे सांगायला नको. केंद्राच्या नदी संवर्धन योजनेत कृष्णाकाठची ही दोन्ही गावे आली, ती यामुळेच.

सांडपाणी विजेने शुद्ध करण्याची कल्पना जुनी आहे. १८८९ च्या सुमारास विल्यम वेबस्टर याने लंडनमध्ये क्रॉसनेस येथे लोखंडी पट्ट्यांमधून वीज सोडून मैलापाणी निवळण्याचे प्रयोग केले होते. आपल्या आज्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवत, त्यातलेच हे तत्त्व. लोखंडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या पाण्यात उभ्या करायच्या आणि त्यांतून एकदिश प्रवाह सोडायचा. धन बाजूची पट्टी झिजते, तिचा धातू पाण्यात उतरतो आणि मळाचे बारीक कण त्याला धरून गोळा होतात. दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, ते काही मळ वर आणतात. बाकीचा तळाशी बसतो. एक अँपिअर प्रवाह तासभर चालला, की सुमारे एक ग्रॅम लोखंड झिजते.

गढूळपणा आणि फॉस्फेट याने चांगले जातात. विरघळलेला अमोनिया मात्र बराचसा तसाच राहतो. त्याचे काम जिवाणूंकडेच द्यावे लागते. शिवाय पट्ट्यांवर थर चढतो, त्या साफ कराव्या लागतात, बदलाव्या लागतात आणि गाळाचे काय करायचे हा प्रश्न उरतोच.

मग विजेची बात सोडून द्यावी काय? तसे करता येत नाही. जिवाणूंच्या नेहमीच्या केंद्रातही हवा फुंकणारी यंत्रे आणि पंप विजेवरच चालतात. वीज फार काळ बंद पडली, तर जिवाणू गुदमरतात.

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना एक गोष्ट नेहमी दिसे. यंत्र कितीला पडेल हे अर्जदार तपशिलाने लिही. ते रोज चालवायला पैसे कुठून येणार, हा रकाना कोरा असे. नगरपालिकांचेही असेच होते. केंद्र उभारायला अनुदान मिळते, उद्घाटन होते. वीजबिल मात्र दरमहा येते.

कराडने मनावर घेतले तर काय होते, ते २०२० मध्ये दिसले. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत हे गाव देशात पहिले आले.

याच कोयनेवर १,९६० मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा आहे. धरणाचे पुष्कळ पाणी सह्याद्रीतल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरते, वीज देते आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. उरलेली कोयना कराडला येते. तिने दिलेल्या विजेतली थोडी तिच्याच पाण्यासाठी खर्ची घालायला हवी. त्यासाठी पालिकेच्या अंदाजपत्रकात सांडपाण्याच्या वीजबिलाची तरतूद दरवर्षी आधी व्हावी आणि नागरिकांनी ती झाली की नाही, हे विचारावे. आपण ते बिल भरले नाही, तर खालच्या गावांना ते दवाखान्यात भरावे लागते.