शाळेतला संगणक अम्मी-अब्बांसाठीही उघडा

दहावीचा निकाल लागला की धावपळ सुरू होते. अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, सारे अर्ज ऑनलाइन. ज्या घरात संगणक नाही, त्या घरचे अब्बा मजुरी बुडवून केंद्रावरच्या रांगेत उभे राहतात. मुलीच्या नावात एक अक्षर चुकले तरी ते त्यांच्या लक्षात येत नाही, कारण अर्ज भरणारा दुसराच असतो. नरसी नामदेव, हिंगोली या आमच्या भागातल्या कष्टकरी घरांना हे नवे नाही.

२०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम चार घरांत संगणक होता. शहरांत तेवीस घरांत. त्यानंतर मोबाइल घरोघरी आला खरा, पण तो अब्बांबरोबर कामावर जातो. रात्री घरी आला की आधी मुलाच्या हाती आणि मग उरलाच वेळ, तर मुलीच्या हाती. अशा घरांसाठी जवळचा संगणक म्हणजे शाळेतला. तोही शाळा सुटताच कुलूपबंद होतो.

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट नावाची छोटी वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. कमी विजेवर चालणारा आणि उन्हातही पडदा दिसणारा छोटा लॅपटॉप मुलांच्या हाती आला. मुलांनी तो घरी न्यावा, हे या उपक्रमाचे तत्त्वच होते. पुस्तक जसे दप्तरातून घरी येते, तसा संगणकही यावा आणि घरच्यांनी तो पाहावा.

मात्र नुसते यंत्र वाटून भागत नाही. याच उपक्रमात पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या मुलांच्या गणित-भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्राबरोबर शिकवणारा हवा आणि ते कशासाठी वापरायचे हेही ठरलेले हवे.

आपल्या दीनमध्ये पहिल्या वह्यीची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे फिद्याची रक्कम नव्हती, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे ठरले होते. इल्म कोणाकडूनही घ्यावे आणि त्यासाठी वाट काढावी, हा त्यातला धडा.

आज ही वाट शाळा व्यवस्थापन समितीतून जाते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अम्मींनी बैठकीला जावे आणि एकच मागणी करावी: शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास संगणक कक्ष पालकांसाठी उघडा ठेवा. शक्य असेल तिथे शिक्षिका हजर असावी.

त्या तासात काय करावे? अम्मी आणि मूल एका संगणकावर बसावे. पहिल्या दिवशी आपले नाव उर्दू आणि मराठीत टाइप करावे. पुढे बालभारतीच्या संकेतस्थळावरून उर्दू माध्यमाचे पुस्तक मोफत उघडावे. उर्दू वाचणारी अम्मी तिथे मुलाची उस्ताद होईल. मग शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः वाचून तपासावा. ओटीपी आणि पासवर्ड कोणाला सांगू नये. उठण्यापूर्वी आधारची प्रत संगणकावरून काढून टाकावी.

वीजबिल किंवा दुरुस्तीची अडचण आली, तर जमातने हातभार लावावा. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, म्हणून हा खर्च नफली सदक्यातून व्हावा.

या शनिवारी एका शाळेचे कुलूप उघडले, तर येत्या जूनमध्ये आपल्या मुलीचा अर्ज तिच्या अम्मीसमोर, अक्षर न् अक्षर तपासून भरला जाईल, इन्शाअल्लाह.