दवनीवाडा किती अक्षरी? मराठी नावं न मोडणारं ॲप बनवण्याच्या ७ टिप्स

दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातलं गाव. नाव बोटांवर मोजा: द-व-नी-वा-डा. पाच अक्षरं झाली. आता हेच नाव पायथॉनच्या ‘लेन’ फंक्शनला द्या, उत्तर येतं ८. यूटीएफ-८ मध्ये साठवायला लागतात २४ बाइट. गंमत म्हणजे तिन्ही उत्तरं बरोबर आहेत!

समजा, तुम्ही गावातल्या शेतकऱ्यांसाठी धान विक्रीच्या नोंदी ठेवणारं छोटं ॲप बनवलं. टेस्टिंग इंग्रजी नावांवर केली, सगळं झकास चाललं. मग कुणीतरी मराठीत नाव टाकलं आणि ॲप म्हणालं, “हे नाव चुकीचं आहे.” किंवा पावतीवर अर्धंच नाव छापलं गेलं. चूक कोडची, पण हेलपाटा पडतो शेतकऱ्याला. म्हणून या सात गोष्टी आधीच तपासा. त्यासाठी लॅपटॉपच पाहिजे असं नाही. अँड्रॉइड फोनवर ‘पायड्रॉइड ३’ टाकलं की पायथॉन इंटरनेट नसतानाही चालतं.

१. लांबी मोजताना जपून

युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र क्रमांक असतो. ‘नी’ म्हणजे ‘न’ आणि वेलांटी, असे दोन. म्हणून पाचाचे आठ झाले. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षर फक्त एक. डेटाबेसची मर्यादा २० बाइट असेल तर ‘दवनीवा’ एवढं नीट बसतं आणि पुढचं ‘ड’ मध्येच तुटतं. तिथे मग प्रश्नचिन्हवाला चौकोन दिसतो.

नाव कापायचंच असेल तर दिसणाऱ्या अक्षरांवर कापा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘इंटल’मधलं ‘सेगमेंटर’ आहे. एसएमएस पाठवणार असाल तर हेही लक्षात ठेवा: साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०. त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात.

२. नाव तपासताना मात्रा विसरू नका

पायथॉनचं ‘इझअल्फा’ फंक्शन मजकुरात फक्त अक्षरं आहेत का ते सांगतं. ‘नगर’ला ते ‘हो’ म्हणतं, पण ‘दवनीवाडा’ला ‘नाही’. कारण वेलांटी आणि काना त्याच्या लेखी अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिताना युनिकोडच्या अक्षरांच्या ‘एल’ गटाबरोबर चिन्हांचा ‘एम’ गटही घ्या.

३. मराठी अंक आधी बदलून घ्या

मराठी कीबोर्डवरून कुणी ‘४५’ क्विंटल लिहिलं तर पायथॉनचं ‘इंट’ ते बरोबर ओळखतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘हा आकडाच नाही’ असं उत्तर देतं. सोपा उपाय: माहिती आत येतानाच सगळे मराठी अंक इंग्रजी अंकांत बदला आणि तसेच साठवा. दाखवताना हवं तर परत मराठीत दाखवा.

४. दिसायला सारखं, आतून वेगळं

‘शेतकऱ्या’ मधला ‘ऱ्य’ तीन प्रकारे टाइप होतो. एक, ‘ऱ’ हे तयार अक्षर वापरून. दोन, ‘र’खाली नुक्ता देऊन. तीन, ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी हे तीन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे नोंद असूनही सापडत नाही.

‘एनएफसी’ हे नॉर्मलायझेशन पहिले दोन प्रकार एक करतं. तिसरा तुम्हालाच बदलावा लागतो: ‘र’, हलन्त, जोडक दिसले की त्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवा. जोडक नुसता पुसून टाकू नका. तसं केलं तर ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’ होतं, म्हणजे स्वयंपाक करणारा थेट गुरुजी बनतो!

५. शोधताना विभक्तीचा विचार करा

आपण ‘दवनीवाडा’ म्हणतो, पण वाक्यात ‘दवनीवाड्यात’, ‘दवनीवाड्याचा’ असं लिहितो. पूर्ण नावाने शोधलं तर हे शब्द हाती लागणार नाहीत. गावाच्या नावाचा न बदलणारा भाग, म्हणजे ‘दवनीवाड’, घेऊन शोधा.

६. यादीचा क्रम

मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ‘ल’च्या जवळ, ‘व’च्या आधी बसलाय. त्यामुळे साध्या सॉर्टमध्ये ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी येतं, मराठी क्रमाने ते नंतर यायला हवं. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल’मधलं ‘कोलेटर’ वापरा आणि भाषा मराठी सांगा.

७. एक्सेलमध्ये कचरा दिसतोय?

पायथॉनमधून बनवलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली, तर फाइल बॉमसह यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. पायथॉनमध्ये या एन्कोडिंगच्या नावात ‘यूटीएफ-८’ पुढे ‘सिग’ जोडलेलं असतं.

कामाला येतील अशा फुकट गोष्टी

स्पोकन ट्युटोरियल: आयआयटी मुंबईत सुरू झालेला उपक्रम. छोटे छोटे व्हिडिओ, त्यातले बरेच मराठी आवाजात. व्हिडिओ थोडा पाहायचा, थांबवायचा, स्वतः करून बघायचं, अशी पद्धत.

एमडीएन: ‘सेगमेंटर’ आणि ‘कोलेटर’ दोन्हींची माहिती उदाहरणांसकट मिळते.

मुक्त आणि बालू: मुंबईच्या ‘एक टाइप’चे देवनागरी फॉन्ट, गूगल फॉन्ट्सवर मोफत. ॲपमध्ये वापरता येतात.

टर्मक्स: फोनवरच गिट आणि कमांड लाइन शिकायची असेल तर हे घ्या. एफ-ड्रॉइडवरून डाउनलोड होतं.

शेवटी एक सवय लावून घ्या. टेस्टिंगसाठी पाच गोष्टींची फाइल कायम जवळ ठेवा: दवनीवाडा, गोंदिया, आचाऱ्याला, काळे आणि ४५. नवीन फॉर्म बनवला की ही पाचही टाकून बघा. सेव्ह होतात का, शोधल्यावर सापडतात का, छापताना पूर्ण येतात का? पाचही पास झाली तर पुढे जा. एखादं जरी अडलं, तर आधी ते दुरुस्त करा आणि मगच ॲप गावातल्या लोकांच्या हातात द्या.