डेस्कटॉप गेला, लॅपटॉप आला... पण थंड राहणारा!

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. माडीवरच्या खोलीत २०१८ पासून एक डेस्कटॉप ठाण मांडून होता. मी आणि धाकट्या भावाने सुटे भाग जमवून तो जोडला होता. आत जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, समोर दोन मोठे पंखे. सुट्टीत आतेभावंडं आली की एक खेळणार आणि चौघं मागे उभी राहून सल्ले देणार, हा ठरलेला कार्यक्रम.

यंदा भावाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. वसतिगृहात एका खोलीत तिघं आणि प्रत्येकाला वीतभर टेबल. तिथे हे धूड मावणार नव्हतं आणि दर सुट्टीला रेल्वेने ने-आण करणंही शक्य नव्हतं. डेस्कटॉप विकून गेमिंग लॅपटॉप घ्यायचा असं ठरलं. बाबा याच वर्षी निवृत्त होत होते. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "एक लाखापर्यंत देतो, पण चार वर्षं चालला पाहिजे. मध्येच दुसरा मिळणार नाही." घरात संगणकातलं जरा कळणारी मीच, त्यामुळे निवड माझ्या गळ्यात पडली. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांतली मुलं जून-जुलैत अशीच बाहेरगावी शिकायला निघतात. म्हणून जे शोधलं आणि पाहिलं, ते सगळ्यांसाठी लिहिते आहे.

नाव तेच, ताकद वेगळी

भावाचं मन एका देखण्या, पातळ लॅपटॉपवर बसलं होतं. त्यात आरटीएक्स ४०७० होतं. किंमत आमच्या हिशोबापेक्षा वीस-पंचवीस हजारांनी जास्त, पण "वरचे हप्त्याने भरू" ही तयारी त्याने आधीच करून ठेवली होती. माझा कल जाडजूड, ४०६० वाल्या लॅपटॉपकडे होता. "ताई, सत्तर सोडून साठ घ्यायचं? मित्र हसतील मला!" हे त्याचं म्हणणं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डेस्कटॉपचं ४०७० आणि लॅपटॉपचं ४०७० ही एक वस्तू नव्हे. डेस्कटॉपच्या कार्डात १२ जीबी मेमरी असते, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ८ जीबी. त्याच्या चिपमधले गणित करणारे कोअरही कमी असतात.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे वॅट. लॅपटॉपमधल्या ४०६० ला किती वीज द्यायची, हे ती बनवणारी कंपनी ठरवते. ही मर्यादा ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत काहीही असू शकते आणि काही लॅपटॉपमध्ये वरचे २५ वॅट मिळून १४० पर्यंत जाते. ४०७० चंही तसंच. पातळ लॅपटॉपमध्ये जागा कमी, त्यामुळे वॅटही कमी. उपाशीपोटी धावणारा पैलवान आणि भरपेट जेवलेला साधा गडी यांची शर्यत लावली तर कोण जिंकेल? पाटीवरचा आकडा सत्तर की साठ, यावर त्याचं उत्तर मिळत नाही.

उष्णता जाते कुठे?

चिपने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ग्राफिक्सचे १४० वॅट आणि प्रोसेसरचे ४५ धरले तर १८५ झाले. जुना पिवळा शंभर वॅटचा बल्ब किती तापायचा, ते आईबाबांना विचारा. तसे जवळजवळ दोन बल्ब दोन बोटं जाडीच्या डब्यात कोंडले आहेत अशी कल्पना करा.

ही उष्णता बाहेर काढायला तांब्याच्या चपट्या नळ्या असतात. त्यांना हीट पाइप म्हणतात. आत अगदी थोडं द्रव असतं, बहुधा पाणीच, आणि हवा काढून घेतलेली असते. चिपजवळ त्याची वाफ होते, वाफ नळीच्या थंड टोकाला जाते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या जाळीतून ते परत चिपकडे येतं. थंड टोकाला बारीक पात्यांची चळत असते आणि पंखा तिच्यातून हवा बाहेर फेकतो. म्हणजे नळ्या किती, पात्यांची चळत केवढी, पंखे किती मोठे आणि हवा आत घ्यायची भोकं खाली किती, यावर सगळा खेळ.

चिप फार तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. आजच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची ही सीमा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. पैसे पूर्ण वेगाचे मोजायचे आणि वापरायचा अर्धवट वेग, असं तेव्हा होतं.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! पंखा फेकून फेकून खोलीतलीच हवा फेकणार. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत जी चिप ८५ वर राहते, ती ४० अंशांच्या खोलीत साधारण शंभरीला टेकते. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचं कमाल तापमान ३५ अंश छापलेलं असतं. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या मे महिन्यात तेवढं तर सकाळीच होतं. थंड देशात बसून केलेली परीक्षणं वाचताना हे लक्षात ठेवा.

माडीवरची परीक्षा

वाद मिटेना, तेव्हा मी एका रविवारी दोन लॅपटॉप मागून आणले. ऑफिसातल्या मैत्रिणीचा पातळ ४०७० आणि आतेभावाचा जाड ४०६०. मे महिन्यातली दुपार, माडीवरचा पत्रा तापलेला आणि भिंतीवरचं तापमापक ३९ वर. दोन्ही चार्जरला लावले आणि थ्रीडीमार्कची ताण-चाचणी सुरू केली. यात एकच दृश्य वीस वेळा चालतं. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट फेरीतला फरक फार नको. स्थिरता ९७ टक्के असेल तरच पास.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पातळ लॅपटॉप पुढे होता. भावाने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. पुढे त्याचा वेग उतरू लागला आणि शेवटी तो जाड लॅपटॉपच्या मागे पडला. चाचणीत नापास. कीबोर्डच्या मधल्या बटणांवर बोट ठेववत नव्हतं. जाड लॅपटॉप पास झाला, पण आवाज असा की आजीने खालून विचारलं, "अरे, मिक्सर कोणी लावलाय?"

भाऊ बराच वेळ दोन्ही आकडे पाहत बसला. मग म्हणाला, "ताई, हप्ते नकोत." त्या दुपारी मला सगळ्यात जास्त बरं वाटलं ते या वाक्याने.

दुकानात हे विचारा

१. ग्राफिक्सला कमाल किती वॅट मिळतात? दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचा पूर्ण क्रमांक घालून पाहा.

२. गरम हवा कुठून बाहेर पडते? उजव्या कुशीला असेल तर माउसच्या हातावर झळ येते. मागून असेल तर उत्तम.

३. रॅमचे दोन खाचे आहेत का? आज १६ जीबी घेऊन पुढे वाढवता यायला हवी.

४. मुलगा जिथे राहणार, त्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का आणि माणूस जागेवर येतो का?

५. अडॅप्टरसकट वजन किती? आमचा लॅपटॉप अडीच किलोच्या आसपास आणि अडॅप्टरची वीट वेगळी. रोज वर्गात न्यायचा असेल तर हे आधीच पाठीवर घेऊन पाहा.

मुलं घरीच राहून शिकणार असतील, तर मी डेस्कटॉपच घ्या म्हणेन. तेवढ्याच पैशात तो जास्त ताकद देतो, थंड राहतो आणि एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

घेतल्यावर

गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नका, खालची भोकं बंद होतात. मागची बाजू दोन बोटं उचलली तरी फरक पडतो. खेळाचा वेग ६० फ्रेमवर बांधून ठेवा. डोळ्याला पुरतं आणि उष्णता व आवाज दोन्ही उतरतात. सतत चार्जरला लावून वापरणार असाल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करा. सहा महिन्यांनी धूळ काढून घ्या. पंख्यावर ब्लोअर मारताना पातं काडीने अडवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होऊ शकतो. उघडण्याआधी वॉरंटीची अट वाचा. चिपवर लिक्विड मेटल लावलेलं असेल तर मात्र स्वतः हात घालू नका, ते विजेचं वाहक असतं.

आमचा डेस्कटॉप शेजारच्या आठवीतल्या मुलाने घेतला. त्याच्या बाबांना मी एवढंच सांगितलं की दर दिवाळीला घराबरोबर त्याचीही जाळी झाडा. भाऊ पुण्याला गेला. लॅपटॉप जड आहे म्हणून कुरकुर करतो, पण त्याच्या खोलीतल्या तिघांचेही रात्रभर चालणारे थ्रीडी रेंडर त्याच्याच टेबलावर होतात. मित्र हसतील ही भीती होती. आता ते रांग लावतात.