दाढी ठेवणाऱ्या कामगारांनी मास्क कसा वापरावा?

“दाढी काढ, नाहीतर या कामावर येऊ नकोस.” फाउंड्री, दगड फोडण्याची खदान, स्प्रे पेंटिंग, हॉस्पिटल किंवा आखातातली रिफायनरी, अशा ठिकाणी काम करणाऱ्या आपल्या भावांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. लगेच ‘आमच्या दीनवर हल्ला’ असे म्हणणे सोपे आहे. काही ठिकाणी भेदभाव असतोही, ते आम्ही नाकारत नाही. पण बऱ्याचदा सेफ्टी ऑफिसरच्या बोलण्यात तथ्य असते, म्हणून कारण समजून घेतलेले बरे.

एन-९५ किंवा रबरी अर्धा मास्क चेहऱ्याला चिकटून बसला तरच काम करतो. आत ओढलेली हवा सगळी फिल्टरमधून आली पाहिजे. कडेला केस आले की फट पडते आणि हवा सोपा रस्ता धरते, म्हणजे फिल्टर सोडून फटीतून आत येते. ‘दाढीच धूळ अडवते’ असे काही जण म्हणतात. तसे होत नाही. फुप्फुसात खोल जाणारे सिलिकाचे कण १० मायक्रॉनपेक्षा लहान असतात, तर माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दोन केसांमधली जागा त्या कणांसाठी मोठा दरवाजाच. दाढीचे खुंट असले तरी गळती होते, हेही लक्षात ठेवा. मिशी मात्र मास्कच्या आत मावत असेल तर चालते.

सिलिकोसिस झाला की फुप्फुस पूर्ववत होत नाही. कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत तो नोंद करावयाच्या रोगांमध्ये होता. घरचा कमावता माणूस पुढे धापा टाकत बसला, तर ते साऱ्या घरावर येते.

मग दाढी की रोजी? मधला मार्ग आहे. पंख्याने फिल्टर केलेली हवा आत ढकलणारे सैल टोपडे मिळते. बॅटरी कमरेला, टोपडे डोक्यावर आणि खांद्यावर. ते चेहऱ्याला चिकटावे लागत नाही, म्हणून दाढी अडत नाही. अमेरिकेच्या नियमांत अर्ध्या मास्कला संरक्षणाचा आकडा १० आहे, अशा सैल टोपड्याला २५. म्हणजे नीट वापरल्यास ते जास्तच राखते. अडचण पैशाची: साधा एन-९५ स्वस्त, हे महाग, चार्जिंगची कटकट वेगळी. आणि टाकी, गटार अशा कमी प्राणवायूच्या जागी हे चालत नाही. तिथे बाहेरून हवा पुरवणारीच साधने लागतात.

कोरोनाच्या काळात शीख डॉक्टरांनी ‘सिंग थाठा’ नावाची पद्धत मांडली: दाढीवर ताणलेली रबरी पट्टी बांधायची आणि त्यावर मास्क. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७ पैकी २५ जण फिट चाचणीत पास झाले. पण हे चाचणी घेऊन, हॉस्पिटलच्या कामासाठी झाले. खदानीत स्वतःच्या मनाने पट्टी बांधून उभे राहू नका.

अमेरिकेतली एक केस सांगण्यासारखी आहे. १९८४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयात शेव्हरॉन कंपनीविरुद्ध एका शीख मशिनिस्टचा दावा होता. विषारी वायूच्या जागी मास्क बसत नाही म्हणून कंपनीने त्याला त्या कामावरून हटवले आणि कमी पगाराची सफाईची नोकरी दिली. न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. तेव्हा फक्त ‘माझा धर्म’ म्हणून प्रत्येक वेळी भागत नाही. पर्याय काय आहे हे दाखवावे लागते.

मसला उलमांना जरूर विचारा, पण कामाचे स्वरूप पूर्ण सांगून. आणि कंपनीला तोंडी नको, लेखी अर्ज द्या: मी दाढी ठेवतो, माझ्या कामात अमुक धूळ किंवा वायू आहे, मला सैल टोपड्याचे साधन किंवा धूळ नसलेल्या विभागात बदली मिळावी. फिट चाचणीही मागा. टोपडे घालून आत कडू किंवा गोड चवीचा फवारा मारतात. चव लागली तर मास्क गळतो. आखातात जाणाऱ्यांनी एजंटला हे पासपोर्ट देण्याआधी विचारावे, तिथे पोचल्यावर नाही.