चवदार तळ्याचा दावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. बांधाच्या तंट्यापुरती ती खरीही असेल. परंतु माणसाचा नागरिक म्हणून असलेला हक्कच कोणी हिरावून घेत असेल, तर ही पायरी टाळणे शहाणपणाचे ठरेल काय? महाडच्या चवदार तळ्याचा दावा या दृष्टीने मननीय आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला व पुढील वर्षी महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारला. परंतु ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. नगरपालिकेने मग ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच काही सवर्ण गृहस्थांनी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. तेव्हा वादी हक्क मागणारे नव्हते, हक्क नाकारणारे होते. कायदा हे दुधारी शस्त्र आहे, ते असे. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करून त्यांनी न्यायासनापुढेच उत्तर देण्याचे ठरविले.

वादींची भिस्त वहिवाटीवर होती. अस्पृश्यांनी या तळ्यास शिवू नये, अशी अनादि काळापासूनची चाल आहे, असे त्यांचे म्हणणे. ती चाल त्यांना सिद्ध करिता आली नाही. लोक एखाद्या ठिकाणी येत नव्हते, म्हणजे त्यांना अडविण्याचा हक्क दुसऱ्यास प्राप्त झाला, असे होत नाही. १९३१ साली महाडच्या न्यायालयात, १९३३ साली ठाण्याच्या अपिलात आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात वादी हरले. मात्र अशी चाल अन्याय्य आहे की नाही, या प्रश्नात शिरण्याची उच्च न्यायालयास गरजच पडली नाही. न्यायालय समोरच्या प्रश्नापुरतेच बोलते, ही मर्यादाही ध्यानात ठेविली पाहिजे.

हा वृत्तान्त मी वर्गात सांगत असता एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, निकाल लागेपर्यंत त्या लोकांनी पाणी कोठून प्यायचे?’’ दहा वर्षांच्या त्या तहानेला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण प्रश्न खरा होता, आणि पुढील कायद्याने त्याचीच दखल घेतली. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. विहिरी, तलाव, घाट यांच्या वापराबाबत जातीवरून मज्जाव करण्यास बंदी केली. आणि मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात अर्ज करण्याची वाट मोकळी केली. आमचे अजिंठा त्यापूर्वी दीड वर्षापर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. तेथील रयतेस या वाटेचे मोल अधिक कळावे. १९८१ पासून तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच बसते.

खर्चाची धास्ती असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. विलंब अजूनही होतो, हे नाकारता येत नाही. म्हणूनच हक्काला बाध येताच तारखा, कागद आणि साक्षीदार जपून ठेवावेत. महाडचे वादी पुराव्याअभावी हरले. आपले न्याय्य म्हणणे त्याच कारणाने हरू नये, एवढेच श्रोत्यांस सांगणे आहे.