एक्स्प्लेनर : गाव पाण्याखाली, कागद दोन तालुक्यांत, धरणग्रस्त कुटुंबाचा इतिहास कसा शोधायचा?

खुटबाव, यवत, केडगावच्या पट्ट्यात ऊस दिसतो तो पाण्यामुळे. हे पाणी अडवण्यासाठी वर मावळात गावे बुडाली. पानशेत-वरसगाव खोऱ्यातून उठलेल्या अनेक कुटुंबांना दौंड, हवेली तालुक्यांत जमिनी मिळाल्या. आज त्यांची तिसरी पिढी मूळ गावाचा माग काढते आहे, आणि तो फक्त हौसेचा विषय नाही. एप्रिल 2025 मध्ये राज्यभर सुरू झालेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावली गेली. वारस ठरवायचा तर वंशावळ लागतेच.

अमेरिकेत प्रेअरीवर वसलेल्यांच्या नातवंडांचे काम तुलनेने सोपे. 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन मिळे. 5 वर्षे तिथे राहून ती कसली की मालकी. घर केवढे, किती एकर नांगरली, शेजाऱ्यांची साक्ष, सगळे एका फाइलीत, आणि त्या फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात. (ती जमीन मुळात तिथल्या आदिवासींची होती, हा भाग फाइलीत नसतो.)

आपल्याकडे अशी एकच फाइल नाही. सुरुवात सातबाऱ्यापासून करा. त्यावरचे फेरफार क्रमांक मागे मागे काढत जा. महाभूमीच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर स्कॅन केलेले जुने उतारे शुल्क भरून मिळतात. तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. मध्येच गट नंबर संपून सर्व्हे नंबर सुरू झाला तर गोंधळू नका. 1947 च्या कायद्याने एकत्रीकरण झाले, तिथली ती सांधेजोड आहे.

धरणग्रस्तांच्या बाबतीत सर्वात मोलाचा कागद म्हणजे जमीन वाटपाचा आदेश. मूळ गाव आणि संपादित जमीन यांचा दुवा तिथे लागतो. प्रत जिल्हा पुनर्वसन कार्यालयात मागता येते.

याच नोंदीची दुसरी बाजूही वाचावी. 1976 च्या पुनर्वसन कायद्यानुसार लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना दिली गेली. त्यामुळे दौंड-शिरूरकडे अनेक स्थानिकांच्या सातबाऱ्यावर 'पुनर्वसनासाठी राखीव' हा शेरा आहे. एका घराचा इतिहास जिथे सुरू होतो, तिथे शेजारच्या घराची जमीन गेलेली असते. गावातला 'मूळचे' आणि 'धरणग्रस्त' हा भेद असा कागदावरही उमटला आहे.

जुन्या उताऱ्यावर 'ए.कु.मॅ.' दिसले तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे बहुधा थोरल्या भावाचे एकट्याचे नाव. धाकटे भाऊ त्यामागे दडलेले असतात; वाटपाच्या वेळी तेच राहून गेले तर आजचे भांडण तिथलेच. लेकींचे नाव तर अनेकदा वारस फेरफारात एकदाच येते आणि हक्कसोडपत्राने लगेच जाते. पण आत्याचे सासरचे नाव सापडण्याची जागा बहुतेक वेळा हीच, म्हणून तो फेरफार पूर्ण वाचावा, नुसता क्रमांक टिपू नये.

त्याही मागे जायचे तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14 मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. कुणबी नोंदींच्या शोधात 2023 पासून हे बुक घराघरांत माहीत झाले. जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचक गाठावा लागतो. आणि हे बुक दौंडला मिळणार नाही. पानशेत खोऱ्यातल्या बुडालेल्या गावासाठी अर्ज वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याला करावा, गावाचे जुने नाव लिहून.